पोपटांच्या लाल चोची

आमच्या घरात कुठल्याही रंगाला नुसतं हिरवा किंवा निळा म्हणून सुटका नसायची. माझे बाबा मंडईजवळच्या एका रंगाच्या दुकानात काउंटरवर उभे असत, आणि जुनी झालेली शेडकार्डं घरी घेऊन येत. दुसऱ्या पोरी भातुकली मांडायच्या, मी शेडकार्डं मांडायची. जेवायला बसलं की बाबा वरणाकडे निरखून बघत आणि म्हणत, "आज मोहरी पिवळा आला. काल लिंबू पिवळा होता." आई डाव आपटायची. "जेवा ना आता मुकाट्यानं. वरण हाये थे, भित नाही." आईला साडी घ्यायला गेलो तर दुकानदार रडकुंडीला यायचा, कारण बाबांना हवा असलेला हिरवा त्याच्याकडे कधीच नसायचा. त्यांच्या शर्टाला, केसांना, अगदी रुमालालाही टर्पेंटाइनचा वास असे. ते घरी यायचे ती आमची जेवायची वेळ, त्यामुळे आजही कुठे टर्पेंटाइनचा वास आला की मला भूक लागते. सोसायटीत रंगकाम चालू असलं की मी दोन घास जास्त जेवते, आणि हे कुणाला सांगता येत नाही.

आम्ही राहायचो तो दगडी बोळ मंडईच्या मागच्या अंगाला. समोरासमोर मोजकीच घरं. कुणा व्यापाऱ्याने आपल्या नातलगांसाठी एकाच वेळी बांधलेली, म्हणून सगळी सख्ख्या बहिणींसारखी एका चेहऱ्याची. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटांची भिंत, आणि त्यावर बोळात पुढे आलेला सागवानी सज्जा. सज्ज्याला खालून आधार म्हणून कोरलेले लाकडी पोपट होते. पंख मिटलेले, मान खाली घातलेली, चोच येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर रोखलेली. धुराने आणि धुळीने ते काळे ठिक्कर पडले होते. आमच्या लेखी त्यांचा उपयोग एकच, की त्यांच्या मानेला कपडे वाळत घालायची दोरी बांधता येई. पहाटे मंडईकडे जाणाऱ्या हातगाड्यांची दगडी फरशीवरून खडखड सुरू व्हायची, मग नळावर कळश्यांची आदळआपट, मग खालच्या नानांचं स्तोत्र, आणि ते संपायच्या आत आमच्या स्टोव्हची फरफर. आईच्या हातची सांबारवडी तळली जात असली की बोळाच्या तोंडापर्यंत वास जायचा.

सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीची वडी. आम्ही अमरावतीकडचे, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्यात आल्यावर आईने मंडईत पहिल्याच दिवशी सांबार मागितला तेव्हा भाजीवाली म्हणाली होती, "ते हॉटेलात मिळतं हो बाई, इडलीबरोबर." आई बिचारी रिकामी पिशवी घेऊन परत आली. तेव्हापासून मंडईत मी जायची. मी शुद्ध बोलायची. घरात "मले दे" आणि उंबऱ्याबाहेर "मला द्या", अशा माझ्या दोन जिभा होत्या, आणि कुठली कुठे वापरायची यात मी कधी चुकले नाही. बाबा मात्र सगळीकडे सारखेच बोलायचे. खालच्या मजल्यावरचे नाना, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, त्यांना जिन्यात गाठून हमखास विचारत, "काय वऱ्हाडी, आज कुणाकडचं लग्न?" बाबा दर वेळी तितकंच हसायचे. मला तो विनोद मुळीच आवडायचा नाही, पण त्याहून बाबांचं ते हसणं आवडायचं नाही.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी आमच्या बोळाला एकदम किंमत आली. सरकारदरबारी जपायच्या जुन्या वास्तूंची यादी होत होती, आणि तीत आमचा अख्खा बोळ घालायचं चाललं होतं. एक एक घर नव्हे, सगळा बोळ, फरशीसकट. आम्हा भाडेकरूंना त्या यादीचा अर्थ एवढाच कळला की नाव लागलं तर मालकाला घर पाडता येणार नाही. आणि मालकाला ते पाडायचंच होतं. त्याचा माणूस, बंडोपंत, आठवड्याला येऊन भिंतींवर टिचक्या मारून जायचा, बाजारात कलिंगड बघतात तसा. त्याचं म्हणणं असं, की या घरात जुनं म्हणावं असं काही उरलेलंच नाही, यादीत कशाला घालता? तेव्हा समिती एका रविवारी येऊन प्रत्यक्ष पाहणार आणि आमचं घर ठेवायचं की वगळायचं ते ठरवणार. घर वगळलं तर आम्हाला जायला जागा नव्हती. लोणी काळभोरला बाबांचे कुणी दूरचे भाऊ होते, त्यांच्या गोठ्यामागच्या खोलीची गोष्ट आई-बाबा माझी पाठ फिरली की करायचे. मला सगळं ऐकू यायचं.

समिती येणार म्हटल्यावर घरातले सगळे नानांच्या ओटीवर जमले. मोठी माणसं येणार, त्यांच्यापुढे हे घर असं दाखवायचं? पाहुणे यायचे असले, घरात मुलगी बघायला येणार असले, की आधी काय करतात? रंग काढतात! यात कुणाला शंकाच आली नाही. नानांनी तर सज्ज्याकडे बोट करून म्हटलं, "ही भुतं बघा. काजळी धरलेली. यांना बघून समिती बोळातूनच परत जाईल. इंगळे, तुमचं दुकान काय कामाचं मग?" आणि बाबा फुलले. पुण्यात आल्यापासून त्यांना कुणी असं काम सांगितलं नव्हतं. "तुमी फक्त शिडी धरा जी," ते म्हणाले, "रंग माह्याकडं लागला." दुकानात परत आलेले, घेणाऱ्याने नाकारलेले डबे दुकानमालक त्यांना नेऊ देत असे.

काय ते दिवस होते! सगळ्या घराला उत्सव चढला. दगडाच्या जोत्याला गेरू, त्यावर दगडादगडांमधून पांढऱ्या रेघा. सज्ज्याच्या कठड्याला चॉकलेटी ऑइल पेंट. बाबांनी आधी लाकूड पॉलिश पेपरने घासून घेतलं, भेगांमध्ये आणि कोरीव कामाच्या खाचांमध्ये लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरून सगळं कसं गुळगुळीत केलं. पोपटांपाशी आल्यावर ते थांबले आणि मला म्हणाले, "तू सांग, पोरी. कोन्ता हिरवा?" मी शेडकार्ड काढलं आणि खरोखर अभ्यास करून एक पोपटी निवडला, ना फार पिवळट ना फार गडद. नानांच्या सूनबाई म्हणाल्या, पोपट म्हटल्यावर चोच लाल नको का? हवीच की. तो लाल म्हणजे पोस्टाच्या पेटीचा लाल, दुकानात त्याला पी. ओ. रेड म्हणत. चोची मी रंगवल्या. शिडीवर उभी राहून, जीभ बाहेर काढून, एकेक चोच दोन हात देऊन. खाली आई दर पोपटाला म्हणायची, "पाह्य कसा बोलते आता थो!" सगळं झाल्यावर शेजारच्या बोळातली माणसं बघायला आली. मंडईतली ती भाजीवालीसुद्धा आली. नानांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली, वऱ्हाडी वगैरे काही न म्हणता. बाबा रस्त्यात उभे राहून घराकडे बघत होते, आणि आयुष्यात मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नाही. आजही हे लिहिताना मला त्या सुखाचीच जास्त लाज वाटते. नंतर जे झालं त्यापेक्षाही. कुणी आपल्या आनंदात किती उघडा पडू शकतो, ते मी तेव्हा पाहिलं.

रविवारी समिती आली. तीन-चार माणसं आणि एक वास्तुतज्ज्ञ बाई, खादीची साडी, गळ्यात कॅमेरा. आम्ही सगळे इस्त्रीच्या कपड्यांत ओळीने उभे. आईने मोठ्या ताटात सांबारवड्या मांडून वर जाळी ठेवली होती. बाई बोळात शिरल्या, समोरची घरं बघत बघत पुढे आल्या आणि आमच्या घरासमोर थांबल्या. एकेका पोपटावरून नजर फिरवत गेल्या. मला वाटलं, भारावल्या. मग त्यांनी जोत्यावर चढून, हात वर करून एका पोपटाच्या पंखाला बोट लावलं. रंग अजून पुरता वाळला नव्हता. त्यांनी बोटाकडे बघितलं, पोपटी झालेल्या, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अरेरे, हे कुणी केलं?"

त्या 'अरेरे'मध्येच सगळ्यांना सगळं कळून चुकलं. बंडोपंत मागून पुढे आला. त्याचा चेहरा असा, की लॉटरी लागलेल्या माणसाने दुःखाचं सोंग करावं. "बघा बाई, मी म्हणत नव्हतो? जुनं राहिलंय काय यात? नवंकोरं!" बाई नानांकडे वळल्या, ते वयाने मोठे म्हणून. नानांनी उपरण्याचं टोक नीट केलं. "आम्ही काय सांगणार? हे वरचे भाडेकरू आहेत, वऱ्हाडातले. त्यांच्या दुकानातला रंग. आमच्याकडे अशी पद्धत नाही." ओटीवर बसून भुतं म्हणणारे नाना! मी तोंड उघडलं, तोच आईने मनगट धरलं. असं धरलं की बांगडी रुतली. बाबा नानांकडे बघत होते. रागाने नाही. एखाद्याची चप्पल भर रस्त्यात तुटावी आणि आपण नजर दुसरीकडे वळवावी, तसं त्यांनी नानांवरून नजर काढली आणि पुढे होऊन म्हणाले, "मीच केलं जी. कोनाले इचारलं नाही."

बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, रागावता तरी आलं असतं. त्यांनी बाबांना समजावून सांगितलं, की ऑइल पेंटने सागवान कोंडतं, ओल आत राहते, लाकूड आतून सडायला लागतं. आणि खाचा भरून टाकल्या तर त्या कारागिराने कोरलेलं पीस न् पीस गेलं की. बाबा मान हलवत होते. जोत्याचा गेरू धुऊन निघेल, त्या म्हणाल्या, पण लाकूड असंच राहिलं तर हे घर मला यादीत धरता येणार नाही. रंग निघाला, आणि खालच्या कामाला ओरखडाही न उठता निघाला, तर बघू. पावसाळ्याच्या आत. खरवडायला पत्रा लावायचा नाही, कानस लावायची नाही, नुसता ब्रश आणि बांबूची कामटी. "तुम्हाला जमेल का?" त्यांनी विचारलं. बाबांनी हो म्हटलं. सगळे निघून गेले. वड्यांच्या ताटावरची जाळी कुणी उचललीच नाही. शेवटी आई ताट वर घेऊन गेली आणि पाटावर बसून आम्ही तिघं त्या वड्या खात राहिलो, कारण टाकवत नव्हत्या. मी म्हटलं, "काऊन बोलू नाही दिलं मले? नानांनीच तर सांगितलं होतं!" आई म्हणाली, "उद्या त्याइच्याच नळावर हंडा लावा लागते आपल्याले." बाबा एवढंच म्हणाले, "दुसऱ्याले नसन माहीत. मले माहीत पाह्यजे होतं. माहा धंदाच थो."

मग सुरू झाले ते रविवार. बाबा आणि मी, दोन शिड्यांवर. रिमूव्हर लावायचं, रंग फुगून आला की फडक्याने टिपायचा, मग खाचेखाचेतून लांबी कामटीने टोकरत बसायचं. एका पंखाला अख्खा रविवार जायचा. रंग लावायला माणसाला तोंड वर करावं लागतं आणि काढायलाही, पण लावताना खालून जाणारा विचारतो, 'वा, काय चाललंय?' आणि काढताना विचारतो, 'काय झालं हो?' दर वेळी बाबा सांगायचे, "चूक झाली जी माह्याकडून." अहो, गप्प बसा ना! मी मनात ओरडायची. भाजीवालीला सांगितलं, पेपर टाकणाऱ्याला सांगितलं, पत्ता विचारायला थांबलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं. बंडोपंत खुर्ची टाकून समोर बसायचा आणि आम्हाला चहा पाठवायचा, आणि बाबा तो प्यायचे. माझ्या वर्गातल्या मुली एकदा बोळातून गेल्या. एकीने मला ओळखलं, हात केला. माझ्या हातात हिरव्या लगद्याने भरलेलं फडकं, केसांत लांबीचा भुगा. मी हात केला. दुसरं काय करणार, शिडीवरून पळता येत नाही. लाजेने कानशिलं तापतात म्हणतात ना, माझी त्या महिन्यांत सतत तापलेली असायची, आणि मला ती बाबांची लाज वाटायची, की बाबांवर हसणाऱ्यांची, की नानांची, हे मला आजही वेगळं करता येत नाही. नाना जाता-येता थांबत. एकदा म्हणाले, "शिडी धरू का?" बाबा म्हणाले, "धरा जी." नानांनी धरली.

बाबांचा हात मात्र बघण्यासारखा होता. पिसं परत वर आली. इतकी वर्षं काजळीखाली कुणी न पाहिलेली, केसाएवढ्या रेघांची पिसं. सगळ्यात शेवटी जिन्याकडच्या कोपऱ्यातला पोपट राहिला, आणि त्याची चोच. लाल रंग लाकडात मुरला होता. दुसऱ्या चोचींचा निघाला, हिचा निघेना. बाबा खूप वेळ टोकरत होते, मग फडकं खांद्यावर टाकून म्हणाले, "नाही निघत हे. राहू दे." बाई आल्या तेव्हा त्यांना ती चोच दाखवली, त्या म्हणाल्या, एवढं चालेल. आमचं घर यादीत लागलं. आम्ही राहिलो. आई आणि बाबा दोघंही त्याच घरात शेवटपर्यंत राहिले. पण त्या उन्हाळ्यानंतर बाबांनी घरात शेडकार्ड आणलं नाही. ताटात वरण पडलं की मी वाट बघायची. ते जेवायचे आणि उठायचे. माझ्या लग्नाचा शालू त्यांना दाखवला, विचारलं, कसा आहे? म्हणाले, "चांगला हाये. हिरवा." मी आत जाऊन रडले. सगळ्यांना वाटलं, सासरी जायचं म्हणून.

लग्नानंतर माझी घरातली जीभही हळूहळू गेली. सासर पक्कं सदाशिव पेठी, तिथे "मले" म्हणायची सोय नव्हती, आणि सांगायचं कुणाला? आता हडपसरच्या उंच इमारतीत मी वागते-बोलते ती अस्सल पुणेकर म्हणून. माझ्या सुनेलाही मी एवढंच सांगितलं होतं, की माहेर पेठेतलं. तर या हिवाळ्यात ती म्हणाली, "आई, संडेला हेरिटेज वॉक बुक केलाय. तुमचा एरिया कव्हर होतोय, मस्त नॉस्टॅल्जिक वाटेल तुम्हाला!" मी बरं म्हटलं. गेलो. बोळ झाडून पुसून लख्ख, तोंडाशी माहितीचा फलक, नानांच्या ओटीवर कॉफीचं दुकान. वाटाड्या म्हणून एक उत्साही मुलगा होता, माझ्या नातवाहून थोडा मोठा असेल. आमच्या घरासमोर त्याने सगळ्यांना थांबवलं.

"हे ब्रॅकेट्स बघा. पॅरट मोटिफ. याची एक फनी स्टोरी आहे. मध्ये इथल्या कुणी एका टेनंटने यावर चक्क ऑइल पेंट मारला होता! ग्रीन पॅरट, रेड चोच, इमॅजिन करा. काही सेन्सच नाही. मग एक्स्पर्ट टीमने येऊन सगळं रिस्टोअर केलं, थँक गॉड." सगळे हसले. माझी सूनही हसली. "आणि आता कोपऱ्यातला तो शेवटचा पॅरट बघा. चोचीत थोडासा रेड दिसतोय? तो मात्र ओरिजिनल. जुन्या काळचा नॅचरल कलर. आताच्या पेंटला असं टिकणं जमणार नाही." भराभर मोबाइल वर गेले.

माझी कानशिलं तापली. इतक्या वर्षांनी, तशीच. गप्प राहिले असते तर काही बिघडत नव्हतं, घर यादीत होतं, बाबा कुठे ऐकायला होते? पण ते शिडीवरून प्रत्येकाला सांगत होते ना, चूक झाली जी माह्याकडून, भाजीवालीला, पेपरवाल्याला. आणि पुढचं मात्र कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं.

"थे टेनंट माहे बाबा होते," मी म्हटलं. सून चमकून माझ्याकडे बघायला लागली. तिने हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. "रंग त्याइनं लावला, आन् काढला बी त्याइनंच. एकेक पीस कामटीनं मोकळं केलं. एक्स्पर्ट कोनी आलं नव्हतं, बाप्पा."

मुलगा गोंधळला. "सॉरी काकू, म्हणजे, आम्हाला ट्रेनिंगमध्ये असंच सांगितलंय." मग त्याने वर बघितलं. "पण मग ती रेड चोच?"

"थी माही," मी म्हटलं. "पी. ओ. रेड."